सर्पदंश जागतिक यादीत आला, पण पीएचसीतून 'पुढे न्या' म्हणणं थांबलं का?

प्रवराकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी मूळचा अकोले तालुक्यातला, सध्या पुण्यात सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करतोय. सेमिनारचा विषय आहे 'जागतिक आरोग्यापुढचे नवे प्राधान्यक्रम'. वर्गात बाकीच्यांनी पुढची महासाथ आणि मे 2025 चा महासाथ करार, औषधांना दाद न देणारे जिवाणू, उष्णतेच्या लाटा, अमेरिका जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडल्यावर पैशाचं काय, असे विषय घेतले. मी सर्पदंश घेतला. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "हा अपघात आहे. फार तर ग्रामीण भागाचा प्रश्न म्हण. जागतिक कसा काय?"

आकडे माझ्याकडे आहेत. जगात दरवर्षी अंदाजे 81 हजार ते 1 लाख 38 हजार माणसं साप चावून मरतात आणि त्याच्या साधारण तिप्पट माणसांचा हातपाय तोडावा लागतो किंवा कायमचं अपंगत्व येतं. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. 2019 मध्ये उद्दिष्ट ठरलं की 2030 पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं. भारतानेही मार्च 2024 मध्ये तेच उद्दिष्ट धरून राष्ट्रीय कृती आराखडा काढला.

हे सगळं कागदावर. आता घरचं सांगतो. मागच्या भात कापणीला माझ्या चुलत्यांना घोणस चावली. घरच्यांनी भगत-मांत्रिक काही केलं नाही. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) नेलं. तिथे प्रतिविष होतं, चुलतभावाने फ्रिजमधले खोके स्वतः पाहिले. तरी "इथे रिस्क नको, पुढे न्या" म्हणून चिठ्ठी दिली. पुढच्या ठिकाणाहून सिव्हिलला. प्रतिविषाची पहिली व्हायल (बाटली) लागली तोवर लघवी लाल झाली होती. काका वाचले, पण डायलिसिसवर काढावे लागले ते दिवस आठवले की आजी अजून गप्प होते.

तेव्हा प्रश्न असा: जागतिक आरोग्य संघटनेच्या, म्हणजे जिनिव्हाच्या यादीत नाव आल्याने तालुक्यात नक्की काय बदलतं? इथे कोणी दवाखान्यात प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मॅडमना उत्तर द्यायचंच आहे, पण मला स्वतःलाही हवंय.

सर्पमित्र_सातारा

दादा, काका वाचले हे वाचून बरं वाटलं.

माझ्याकडून एवढंच. साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नका. त्या खटपटीत दुसरा माणूस चावून घेतो, हे मी पाहिलंय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष आहे, त्यामुळे साप कोणता होता यावाचून उपचार अडत नाही. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर निघा.

दुसरं म्हणजे भगताचं. लोक त्याच्याकडे का जातात? धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे सगळे बिनविषारी, आणि चावण्यात यांचाच वाटा मोठा. कवड्याला तर लोक हमखास मण्यार समजतात. असा माणूस भगताकडे गेला की बरा होणारच, आणि नाव भगताचं होतं. मग खरा मण्यार चावतो तेव्हा त्याच विश्वासाने रात्र तिथे जाते. गावात आमच्या कार्यक्रमात मी कवड्या आणि मण्यारचे फोटो शेजारी शेजारी दाखवतो, तेव्हा म्हातारी माणसंही पुढे येऊन बघतात.

निवृत्त_मेडिकल_ऑफिसर (रायगड)

प्रवराकाठ, तुमचा प्रश्न माझ्या नोकरीचाच प्रश्न आहे, त्यामुळे लांबण लागेल.

आधी मॅडमचं. 'हा अपघात आहे' याच समजुतीने सर्पदंश इतकी वर्षं दडून राहिला. सरकारी दप्तरात एकेकाळी देशभरातले सर्पदंशाचे मृत्यू वर्षाला दोन हजारांच्या आत दिसायचे, कारण मोजणी रुग्णालयात मेलेल्यांचीच. मग 'मिलियन डेथ स्टडी'चे लोक घरोघर गेले आणि माणूस कसा गेला, आधी काय झालं होतं, हे घरच्यांना विचारलं. 2011 साली त्यांनी आकडा मांडला: एकट्या 2005 सालात सुमारे 46 हजार. त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त माणसं रुग्णालयाबाहेर गेलेली. पुढे 2020 च्या अभ्यासात 2000 ते 2019 या वीस वर्षांचे मिळून 12 लाख मृत्यू निघाले. जगातले निम्मे मृत्यू आपल्या देशात, आणि ते कोणाचे? लावणीला वाकलेल्या बाईचे, गुराख्याचे, जमिनीवर झोपलेल्या पोराचे. मॅडमना सांगा, जगात जिथे जिथे माणूस अनवाणी शेतात उतरतो आणि दवाखाना लांब आहे, तिथे तिथे हेच चालू आहे. जागतिक म्हणायला आणखी काय लागतं?

आता 'पुढे न्या'चं. तुमच्या काकांच्या बाबतीत जे झालं त्याची मला चीड आहे, पण ते का होतं हे आतून सांगतो.

रात्रीचे नऊ. पीएचसीत बाँडवर आलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा डॉक्टर, एक सिस्टर, एक शिपाई. बाहेर पेशंटबरोबर आलेली वीस माणसं. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे काहींना रिॲक्शन येते. अंगावर पित्त उठतं, थंडी वाजते, क्वचित बीपी एकदम पडतं. त्या पोराच्या मनात काय चालतं? पेशंट वाटेत गेला तर कुणी मला विचारणार नाही, चिठ्ठीवर वेळ लिहिलेली आहे. पण माझ्या टेबलावर, माझ्या सुईने गेला तर बाहेरचे वीस जण आत येतील. म्हणून तो चिठ्ठी लिहितो. निष्काळजी म्हणून नाही, एकटा पडलाय म्हणून. आणि घोणशीचं विष त्याच तासात रक्त गोठण्याची ताकद संपवत असतं, मूत्रपिंडावर उतरत असतं.

खरं म्हणजे रिॲक्शनवरचं औषध ॲड्रेनॅलिन. स्वस्तातली ॲम्प्युल, प्रत्येक पीएचसीत असते. ती आधीच सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवायची आणि मग प्रतिविष सुरू करायचं. मांडीच्या स्नायूत दिली की बहुतेक पेशंट काही मिनिटांत सावरतो आणि तेच प्रतिविष पुन्हा सुरू करता येतं. आधी कातडीवर टेस्ट डोस देऊन बघायची जुनी पद्धत मार्गदर्शक सूचनांतून कधीच गेली, तिच्यावरून काही कळत नाही आणि वेळ मात्र जातो. पहिला डोस साधारण दहा व्हायलचा, सलाईनमधून तासाभरात. लहान मुलाला कमी द्यावं असं नव्या डॉक्टरांना वाटतं. नाही, डोस मोठ्या माणसाइतकाच. सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं.

आणि द्यायचं की नाही हे ठरवायला मोठी लॅब लागत नाही. कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची. काचेचीच, प्लॅस्टिकची चालत नाही, कारण रक्त गोठायला सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते. शिरेतलं दोन मिली रक्त त्यात घालायचं, स्टँडमध्ये ठेवायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच हळूच तिरकी करायची. गोळा झाला असेल तर तो नळीला धरून राहतो. रक्त पाण्यासारखं वाहिलं की समजायचं घोणस नाहीतर फुरसं, आणि लगेच सुरू करायचं. मी नातेवाइकांतल्या एकाला ती वीस मिनिटं नळीसमोर उभं करायचो. त्याच्या डोळ्यांदेखत रक्त गोठत नाही हे दिसलं की बाहेरच्या गर्दीला समजवायचं काम तोच करायचा.

नाग आणि मण्यारचं वेगळं. तिथे पेशंटला छताकडे बघायला सांगायचं, पापण्या उचलता येतात का ते पाहायचं. एका श्वासात आकडे मोजायला लावायचे आणि दर थोड्या वेळाने पुन्हा. मागच्या खेपेला वीसपर्यंत गेलेला माणूस बारावर थांबला की समजायचं, श्वासाचे स्नायू निकामी होत चाललेत. मण्यारचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतंय, घसा धरलाय म्हणून माणूस येतो आणि नव्या डॉक्टरला ॲसिडिटी वाटते. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या, एवढं जुळलं तर मण्यारच धरून चालायचं. अशा पेशंटला व्हेंटिलेटर लागू शकतो, तेव्हा पुढे पाठवावंच लागतं. माझं म्हणणं रेफर करू नका असं नाहीच. पहिला डोस सुरू करून, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) चालवू शकणारा माणूस सोबत देऊन, पुढच्या डॉक्टरला फोन करून पाठवा. नुसती चिठ्ठी देऊन नव्हे.

आमच्या जिल्ह्यात हे होऊ शकतं याचा पुरावा विंचवाने दिलाय. कोकणात लाल विंचवाने धडधाकट माणसं, पोरं मरायची. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पेशंटच्या उशाशी बसून हृदयावर काय परिणाम होतो ते नोंदवलं, प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण कुठल्या कुठे खाली आलं. ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, जगभर वापरलं गेलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की ती गोळी पीएचसीतल्या कुठल्याही डॉक्टरला देता येत होती. सर्पदंशाचा पहिला डोस तिथपर्यंत आणणं हेच खरं काम आहे, आणि कृती आराखड्याचं यश मी त्याच एका गोष्टीवर मोजीन.

यादीने काय बदलतं, हे विचारलंत. पैसा काही प्रमाणात आला. 2019 मध्ये ब्रिटनच्या वेलकम संस्थेने संशोधनाला 8 कोटी पौंड जाहीर केले. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं की सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार करा, कर्नाटकने तर ते त्याआधीच केलं होतं. नोंदीला कमी लेखू नका. कुठल्या पीएचसीत किती केस येतात हे कळलं तरच औषध तिथे पोचतं. नाहीतर जिल्ह्याच्या गोदामात खोकी पडून आणि डोंगरपट्ट्यात चार व्हायल, ही तऱ्हा मी पाहिलेली आहे.

अक्रावासी

डॉक्टर, इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

मी घानात औषध वितरणाच्या कामात आहे, मूळचा जुन्नरकडचा. 'जागतिक कसा' या प्रश्नाला इकडचं उत्तर देतो. पश्चिम आफ्रिकेत सर्वांत जास्त बळी घेणारा साप फुरशाच्याच कुळातला, पण जात वेगळी. एका फ्रेंच कंपनीचं 'फाव-आफ्रिक' हे चांगलं प्रतिविष इथे चालायचं. गिऱ्हाईक गरीब, नफा नाही, म्हणून 2014 मध्ये उत्पादन थांबलं. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने 2015 मध्ये ओरड केली, शेवटचा साठा 2016 च्या जूनमध्ये मुदतबाह्य झाला. कंपनीने पुरेशी आधी सूचना दिली होती, पण ती जागा भरायला कोणी पुढे आलं नाही.

त्याच्याही आधी घानात काय झालं ते तुमच्या सेमिनारमध्ये जरूर घ्या. 2004 च्या सुमारास एका रुग्णालयात प्रतिविष बदललं आणि भारतीय फुरशाच्या विषावर बनलेलं स्वस्त प्रतिविष आलं. लेबल बघून वाटायचं चालेल. मृत्यूचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आतून 12 टक्क्यांवर गेलं. सापाचं नाव सारखं असलं तरी विष सारखं नसतं, आणि हे तपासणारी यंत्रणा गरीब देशात नसते. बाटलीवर 'प्रतिविष' लिहिलंय एवढंच डॉक्टरला दिसतं.

सांगायला आनंद वाटतो की आज आफ्रिकेतल्या सापांच्या विषावर बेतलेलं प्रतिविष आमच्या नारायणगावात, प्रीमियम सीरम्समध्ये तयार होतं. इकडे खोक्यावर पत्ता वाचला तेव्हा क्षणभर गावी गेल्यासारखं झालं.

आशाताई_बीड

सगळ्यांना नमस्कार. मी गावातली आशा कार्यकर्ती आहे, त्यामुळे औषधाचं डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच असणार. मला झोपण्याचं सांगायचंय.

आमच्याकडून दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. तिथे फडाच्या कडेला कोप्या, पाचटावर अंथरूण, शेजारी बैलं, उंदरं. मण्यार येतो तो उंदरामागे. खाट नसते, खाट नेणार कुठून? मी निघायच्या आधी प्रत्येक घरी एकच गोष्ट धरून बसते: मच्छरदाणी न्या आणि तिच्या कडा गोधडीखाली नीट खोचा. मच्छर तर थांबतातच, सापही आत येत नाही. पहाटे फडात जाताना बॅटरी आणि पायात बूट. मुकादमाकडून उचल घेताना बूट मागा म्हणून बायकांना सांगते. काही मागतात आता.

आणि नोंदीचं खरंय, डॉक्टर. परजिल्ह्यात चावलेलं माणूस तिथल्या दवाखान्याच्या कागदावर येत नाही, इथल्याही नाही. वाटेत गेलं तर पोस्टमॉर्टेम नाही, पंचनामा नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाला 2 लाख मिळतात, पण कागदच नसला तर मागणार कशावर? आमच्याकडे एक बाई दोन लेकरं घेऊन तहसीलला खेटे घालून थकली. तिला मी अजून भेटायला जाते.

प्रवराकाठ

डॉक्टर, ताई, दादा, तुम्ही सगळ्यांनी जे दिलंत ते पुस्तकात नव्हतं. ताई, मच्छरदाणीचं मी सेमिनारमध्ये तुमच्याच शब्दांत सांगणार.

डॉक्टर, एक शेवटचा प्रश्न. मे 2025 मध्ये बातमी आली की अमेरिकेत स्वतःला वर्षानुवर्षं विष टोचून घेतलेल्या माणसाच्या रक्तातून 'सगळ्या सापांवर चालणारं' प्रतिविष बनलं. मग घोडे, साठा, फ्रिज हे सगळे प्रश्न मागे पडतील का?

निवृत्त_मेडिकल_ऑफिसर (रायगड)

बातमी चांगली आहे, मथळा जास्त मोठा आहे. त्या प्रयोगात दोन अँटिबॉडी आणि व्हारेस्प्लॅडिब नावाचं औषध असं मिश्रण होतं, आणि चाचणी उंदरांवर झाली, 19 सापांच्या विषावर. ते सगळे नाग-मण्यारच्या कुळातले. घोणस, फुरसं त्यात नाहीत, आणि तुमच्या काकांना चावली ती घोणसच. व्हारेस्प्लॅडिबकडे मात्र माझी आशा लागलीय, कारण ते गोळीच्या रूपात देता येतं. शेतातच गोळी देऊन दवाखान्यापर्यंतचा वेळ पदरात पडला तर फार मोठी गोष्ट होईल.

पण त्याची वाट बघत बसू नका. आज आपल्याकडच्या प्रतिविषासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी सोसायटीकडून येतं. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या साप ओळखणारी, त्यांचे उपकार आहेत आपल्यावर. मात्र राजस्थानच्या किंवा ईशान्येच्या सापाचं विष तमिळनाडूच्या सापासारखं नसतं, म्हणून तिथे औषध कमी पडतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) कार्तिक सुनगर यांच्या गटाने हे तपासून मांडलंय. प्रत्येक प्रदेशातलं विष गोळा करून प्रतिविष सुधारणं हे लगेच हाती घेण्यासारखं काम आहे.

आणि वाहतूक. नेपाळच्या तराईत, दमकजवळ, गावातल्या मोटारसायकलवाल्या तरुणांची साखळी बांधली. पेशंट मध्ये, मागे धरून बसणारा एक जण, थेट सर्पदंश केंद्रात. मृत्यूचं प्रमाण साडेदहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं. तुमच्या घरच्यांनी नेमकं हेच केलं होतं. त्यांनी त्यांचं काम चोख केलं, हे आजींना जरूर सांगा.

सुट्टीत गावी जाल तेव्हा आरोग्य केंद्रात जाऊन शांतपणे विचारा: प्रतिविषाच्या किती व्हायल आहेत, मुदत कधीची, काचेच्या नळ्या आहेत का, रात्री अडचण आली तर कुठल्या सीनियरला फोन करायचा तो नंबर भिंतीवर आहे का. भांडू नका. ग्रामसभेत सरपंचांना सोबत घेऊन असं लेखी द्या की सर्पदंशात पहिला डोस देणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी गाव उभं राहील. एका ठिकाणी गावाने असं केलेलं मी पाहिलंय, आणि त्या पावसाळ्यात तिथल्या मॅडम डॉक्टरांनी एकाही पेशंटला डोस न देता पुढे पाठवलं नाही.

काकांबद्दल एक महत्त्वाचं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) अधूनमधून तपासत राहा. पण घोणशीच्या दंशानंतर काही जणांत मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीला इजा होते आणि ते महिन्यांनी, कधी वर्षांनी कळतं. माणूस सतत थकलेला, थंडी सहन होत नाही, बीपी कमी, दाढी विरळ होत जाते. लोक म्हणतात, धसका घेतलाय. असं काही दिसलं तर फिजिशियनकडे न्या, दंशाचा इतिहास आठवणीने सांगा आणि कॉर्टिसॉल व थायरॉइड तपासून घ्यायला लावा. गोळ्यांनी फरक पडतो. काकांना असं काही होतंय का, ते मला इथेच कळवा.